लठ्ठ रुग्णाच्या पोटातील रक्तप्रवाहाचा एमआरआय: या चुका टाळा

पोटावर चरबीचा जाड थर असला की कॉइल (शरीरावर ठेवलेला सिग्नल टिपणारा अँटेना) रक्तवाहिन्यांपासून लांब पडते आणि सिग्नल मुळातच कमी मिळतो. त्यामुळे एरवी खपून जाणारी चूक इथे अंगाशी येते.

सर्वांत महाग पडणारी चूक व्हेन्कची, म्हणजे स्कॅनमध्ये मोजता येणाऱ्या कमाल वेगाच्या सेटिंगची. एओर्टासाठी (महाधमनीसाठी) ठेवलेला 150 सेमी प्रतिसेकंद व्हेन्क तसाच पोर्टल व्हेनला (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेला) वापरला जातो. तिथला वेग साधारण 20 सेमीच्या आसपास असतो. वेगमापनातला नॉइज व्हेन्कच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे व्हेन्क 50 वर आणला तर नॉइज एक तृतीयांश होतो. हेच ॲव्हरेज (त्याच मोजणीच्या फेऱ्या) वाढवून साधायचं तर स्कॅनला नऊपट वेळ लागेल! मात्र फार खाली गेलात तर एलियासिंग होतं: शिरेच्या मधोमध प्रवाह उलटा वाहताना दिसतो. व्हेन्क अपेक्षित कमाल वेगापेक्षा 20-25 टक्क्यांनी जास्त ठेवा. शंका असेल तर आधी लहानसा टूडी (एकाच छेदाचा) स्कॅन घेऊन वेग बघा.

दुसरा मोह बारीक व्हॉक्सेलचा, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान घनाचा. 2 मिमीऐवजी 2.5 मिमी घेतल्यास व्हॉक्सेलचं आकारमान, आणि सिग्नलही, जवळपास दुप्पट होतो. पोर्टल व्हेनला ते पुरतं. हिपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी) मात्र मग मोजू नका, तिच्या रुंदीत दोनच व्हॉक्सेल बसतात.

एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) शरीराच्या रुंदीपेक्षा लहान ठेवून पॅरलल इमेजिंग (अनेक कॉइल वापरून स्कॅन लवकर उरकण्याची पद्धत) लावलं, तर रॅपचा दोष (बाहेरचा भाग चित्रात दुमडून येणं) नेमका चित्राच्या मध्यभागी, म्हणजे रक्तवाहिन्यांवरच येतो. फेज ओव्हरसॅम्पलिंग (एफओव्हीच्या कडेबाहेरचीही मोजणी) वाढवा आणि हात एफओव्हीबाहेर ठेवा.

श्वासाची लय टिपणारा बेल्ट लोंबत्या पोटावर बांधला की लाट सपाट येते. तो बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी सरकवा, नाहीतर उजव्या डायफ्रामच्या घुमटावर नॅव्हिगेटर (एमआरआयनेच डायफ्रामची हालचाल टिपणं) लावा.

3 टेस्लाच्या (अधिक ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर सिग्नल जास्त मिळतो हे खरं, पण मोठ्या पोटात मध्येच काळी छाया पडते आणि एसएआरची (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची) मर्यादा लवकर गाठली जाते. अशा वेळी 1.5 टेस्ला निवडण्यात कमीपणा नाही. त्वचा बोअरच्या (मशीनच्या बोगद्याच्या) भिंतीला टेकू देऊ नका, मध्ये पॅड हवेच, नाहीतर भाजतं.

जेवणानंतर पोर्टल प्रवाह वाढतो, म्हणून 4-6 तास उपास.

बॅकग्राउंड फेज दुरुस्तीसाठी (स्थिर ऊतींतही दिसणारा खोटा वेग वजा करण्यासाठी) पोटाची चरबी घेऊ नका, ती श्वासाबरोबर हलते. मणक्याजवळचे स्नायू बरे. शेवटी, रुग्ण टेबलावर असतानाच सुपीरियर मेसेंटेरिक (आतड्याकडून येणाऱ्या) आणि स्प्लेनिक (प्लीहेकडून येणाऱ्या) व्हेनच्या प्रवाहांची बेरीज पोर्टलशी ताडून पाहा. मोठी तफावत दिसली तर आधी व्हेन्क तपासा.