टेबल सॉ घेताना आधी फेन्स बघा, मोटर नंतर

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या ब्लेडने लाकूड कापणारं मशीन, बघायला गेलेला माणूस बहुधा पहिलं विचारतो, "मोटर किती एचपीची?" विचारायलाच हवं, पण जरा नंतर. कमी ताकदीच्या मोटरवर सावकाश ढकलून काम निभतं. फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून ढकलतात ती सरकती पट्टी, सरळ राहत नसेल तर मात्र प्रत्येक काप फसतो, आणि कधीतरी फळी उलटी अंगावर येते. खालचा क्रम त्या हिशोबानेच लावला आहे.

१. काय कापणार आणि कुठे, हे आधी ठरवा

छोट्या पेट्या, फ्रेमा, स्टूल करणार की प्लायच्या शीटमधून कपाटं काढणार? पूर्ण शीट २४४० × १२२० मिमीची असते. ती लांबीत चिरायची तर ब्लेडच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंना शीटच्या लांबीएवढी जागा मोकळी लागते. ती नसेल तर शीटचे मोठे तुकडे ट्रॅक सॉने (पट्टीवर सरकवून चालवायच्या करवतीने) जमिनीवरच पाडावेत आणि टेबल सॉवर फक्त नेमकं माप काढावं. ज्याचं सगळंच काम प्लायचं आहे, त्याने खरं तर टेबल सॉ घ्यायची घाई करू नये. चांगल्या ट्रॅक सॉवर त्याचं बरंच भागतं.

२. प्रकार निवडा

जॉबसाइट सॉ हलका, उचलून ठेवता येणारा. त्यात ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते, ती कान किटवते. काँट्रॅक्टर सॉमध्ये इंडक्शन मोटर मागच्या बाजूला लटकलेली असते आणि ब्लेड पट्ट्यावर फिरतं. आवाज बराच कमी. हायब्रिडमध्ये मोटर पेटीच्या आत जाते, त्यामुळे भुसाही आवरता येतो. कॅबिनेट सॉ बिडाचा, जड, एकदा ठेवला की ठेवला. त्याची ३ एचपीची मोटर म्हणजे साधारण २२०० वॅट, आणि सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. आधी इलेक्ट्रिशियनला विचारून स्वतंत्र लाइन घ्या.

ब्लेड शक्यतो १० इंची, म्हणजे २५४ मिमीचं असावं. सरळ उभं असताना ते सुमारे ७९ मिमी जाड लाकूड कापतं, ४५ अंशांत कललं की सुमारे ५७ मिमी. घरच्या कामाला एवढं पुरतं.

३. फेन्स तपासा, इथे वेळ काढा

ब्लेडचे पुढचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात वर येतात. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे जरासं जरी झुकलं असेल तरी फळी तिथे चिमटते, मागचे दात तिला उचलतात आणि उभ्या माणसाकडे भिरकावतात. २५४ मिमीचं ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगात हात मागे घ्यायला सवडच मिळत नाही.

म्हणून दुकानातच फेन्स तीन-चार वेगवेगळ्या मापांवर सरकवून लॉक करा. दर वेळी टेबलातल्या, ब्लेडला समांतर असलेल्या खाचेपासून तिचं पुढचं आणि मागचं अंतर मोजा, दोन्ही सारखं यायला हवं. मग मागचं टोक हाताने बाजूला रेटून बघा. सहज हलत असेल तर बाकीची वैशिष्ट्यं ऐकत बसू नका, पुढचं मशीन बघा.

४. राइविंग नाइफ नसेल तर घेऊ नका

ब्लेडच्या मागे उभी असलेली ही पातळ पट्टी ब्लेडबरोबरच वर-खाली होते आणि कलते. कापलेल्या फळीच्या दोन बाजू ब्लेडवर मिटू नयेत म्हणून ती असते. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. त्यामुळे पुढे पातळ कापाचं ब्लेड लावायचं झालं तर हे माप आधी जुळवून बघा.

बोट लागताच थांबणारे सॉही मिळतात. १९९९ मध्ये स्टीफन गॅस यांनी शोधलेलं सॉस्टॉप या ब्रँडचं तंत्र असं: ब्लेडमध्ये बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो, कातडी लागताच तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून सुमारे ५ मिलिसेकंदांत ब्लेड अडवतो. ठोकळ्याचं कार्ट्रिज बदलावंच लागतं, ब्लेडही बहुधा वाया जातं. ओल्या लाकडानेही तो सुटू शकतो. माझ्या मते बजेट ताणायचंच असेल तर दोन एचपी वाढवण्यापेक्षा इथे ताणा. गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, मात्र तरीही लावलेलाच हवा.

५. ब्लेड खाचेला समांतर आहे का?

प्लग काढा. ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून खाचेच्या कडेपासून अंतर मोजा. ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, पुन्हा मोजा. फरक ०.१ मिमीच्या आसपास, म्हणजे कागदाच्या जाडीएवढा असेल तर चालेल. जास्त असेल तर तो दुरुस्त करता येतो का आणि त्यासाठी कोणते बोल्ट सैल करायचे, हे विकणाऱ्याकडूनच काढून घ्या. खाचेचं मापही बघा. १९ × ९.५ मिमीची प्रचलित खाच असेल तर बाजारातले तयार जिग (लाकूड धरून खाचेत सरकवायचे साचे) बसतात.

जुनं मशीन घेत असाल तर वरचा गंज बघून दचकू नका, तो घासून निघतो. बिडाला तडा असेल किंवा ब्लेड धरून हलवल्यावर शाफ्ट खडखडत असेल तर सौदा सोडा.

६. थोडे पैसे राखून ठेवा

मशीनसोबत आलेलं ब्लेड बहुतेकदा कामचलाऊ असतं. उभ्या चिरण्याला २४ दातांचं, आडव्या स्वच्छ कापाला ६० ते ८० दातांचं, आणि एकच घ्यायचं तर ४० ते ५० दातांचं कार्बाइड ब्लेड घ्या. शाफ्टचा व्यास मात्र आधी मोजा, तो सगळीकडे सारखा नसतो. भुसा ओढायची नळी, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ आणि फळी ढकलायला पुश स्टिकही लागेल. हातमोजे घेऊ नका, फिरत्या ब्लेडपाशी ते हातच आत ओढतात.

मशीन घरी आलं की काही कापण्याआधी पाचव्या पायरीतलं माप पुन्हा घ्या, कारण वाहतुकीत ते हलतं. पहिला काप टाकाऊ फळीवर, ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभं राहून.