आधी ओटला, मग सुरसागर

सासरे गेले आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भजनाला जाणं सोडलं. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. मंडळातल्या बायका दोन-तीनदा बोलवायला आल्या, "आज नको" ऐकून त्याही यायच्या थांबल्या. दूध दारात, भाजी निवडून हातात. प्रेमापोटी आम्हीच त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. एके दिवशी वेणी घालायला त्यांनी हात वर केला आणि बांगड्या घसरत कोपराशी गेल्या, तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं.

"वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणातल्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलोच्या वर वजन घटणं, सततचा थकवा, पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन खुणा दिसल्या की शरीर खंगलं समजावं. एक-दोन म्हणजे सुरुवात, आणि तेव्हाच हात घालायचा. घरी एवढं पाहा: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, तुम्ही शेजारी उभं राहायचं. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांत बळ कमी आहे. आईंनी तिसऱ्याच वेळी हात टेकला.

मग डॉक्टर. वजन का उतरलं ते शोधायलाच हवं. चालू औषधं, दात, डोळे, कान, सगळं दाखवा. कान तर आधी. खूप खोदून विचारल्यावर आई म्हणाल्या, "अगं, पेटी ऐकू येते, पण ठेका कळत नाही. माझी टाळ चुकते, सगळ्या वळून बघतात." दुःख होतंच, पण दारात अडवलं होतं ते या लाजेनं. कानाचं यंत्र आलं, तरी सवय व्हायला दीड महिना गेला.

"बाहेर चला" म्हणून कुणी उठत नाही. ज्यासाठी उठावं लागेल असं काम द्या. मी मंडळातल्या काकूंना गाठलं आणि भिशीची वही आईंकडे सोपवायला लावली. पहिला आठवडा फक्त ओटल्यावर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, रोज पाचला. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या घरापर्यंत. महिन्याभरानं सुरसागर तलावाचा काठ, मध्ये बसत बसत. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. खुर्चीतली उठ-बस रोज सुरू ठेवा.

जेवण एकत्र. एकटं माणूस चहा-खारीवर भागवतं. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत: घट्ट वरण, दही, उसळ, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

गेल्या गुरुवारी एकीचा हप्ता राहिला होता. आई वही घेऊन दोन जिने चढल्या आणि वसूल करून आल्या. मी खाली उभी होते.