किनाऱ्याने गाडी न्यायची तर आधी मेहुण्याला मागे बसवा

भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, खोल्यांचं बुकिंग नंतर. आमच्यात बुकिंग मी बघणार आणि समुद्र मेहुणा बघणार, असं ठरलं होतं. त्याने बघितलाही. "दाजी, पाणी केवढं लांब आहे! इथंच लावा." मी लावली. ओहोटीच्या वाळूवर.

बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीनंतर साधारण ६ तासांत भरती येते, आणि ही वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल चार वाजता कोरडी होती ती जागा चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचं पाणी आणखी वर चढतं. कुठवर, ते वाळूच सांगते: शेवाळ, काटक्या, शिंपले यांची एक वाकडी रेघ पडलेली असते. गाडी त्या रेघेच्या बरीच वर हवी. आमची खाली होती.

चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जितकं गरागरा फिरेल तितकं खोल जाईल. "दाबा, दाजी, दाबा!" ऐकून मी दाबला आणि गाडी पोटावर बसली. चाकापुढची वाळू हाताने उकरायची, टायरमधली हवा २० पीएसआयच्या आसपास आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत कमी घुसतो. मग चाकाखाली काहीतरी सपाट सारून हळूहळू बाहेर यायचं. डांबरीवर आल्यावर वेग न वाढवता आधी हवा भरायची. त्यासाठी छोटा पंप गाडीत असावा लागतो. आमचा घरी राहिला, कारण त्याच्या जागी मेहुण्याने कॅरमबोर्ड ठेवला होता. कॅरमबोर्ड चाकाखाली उत्तम चालतो, एवढं मात्र कळलं. (एकदाच चालतो.)

नारळाखाली गाडी लावू नका. सावली नावापुरती, पण पडणारं फळ चांगलं वजनदार.

दमट रात्री एसी जोरात असला की समोरची काच बाहेरून धुरकटते. मी पाच मिनिटं ती आतून पुसत होतो. शेवटी बायकोने काही न बोलता हात लांब करून वायपर लावला. एसीचा झोतही काचेवरून दुसरीकडे वळवा.

सूर्यास्त बघायला थांबणार असाल तर मुक्कामाजवळच थांबा. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि अर्ध्या तासात अंधारून येतं. "अजून एक फोटो" म्हणणाऱ्याला टॉर्च धरून पुढे चालायला लावा.

खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या, नाहीतर गंज धरतो. आमच्या गाडीच्या पोटातून वाळूबरोबर दोन काळ्या सोंगट्या निघाल्या. राणी अजून सापडलेली नाही.