लांब रासायनिक नाव शेवटाकडून सोडवा

मराठी माध्यमातून दहावी होऊन पुण्यात अकरावी विज्ञानाला आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना इंग्रजीतील लांबलचक रासायनिक नावे मोठ्याने वाचताना धडकी भरते; त्यांनी असे नाव समासाप्रमाणे विग्रह करून, शेवटच्या पदापासून मागे येत सोडवावे. ‘२,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन’ हे नाव घ्या. शेवटचा ‘एन’ कार्बन-कार्बन बंध एकेरी असल्याचे सांगतो, ‘पेंट’ म्हणजे पाच कार्बनांची मुख्य साखळी, ‘मिथाइल’ ही तिची एका कार्बनाची शाखा, ‘ट्राय’ म्हणजे अशा शाखा तीन, आणि आरंभीचे अंक त्या कितव्या कार्बनला जोडल्या आहेत ते दाखवतात. एकूण कार्बन आठ झाले. म्हणूनच व्यवहारात याला आयसोऑक्टेन म्हणतात, आणि पेट्रोलच्या ऑक्टेन मापनात, म्हणजे इंधन इंजिनात अवेळी पेटण्याला किती विरोध करते याच्या मापनात, त्याचे मूल्य १०० धरलेले आहे.

त्रि-ट्राय, पंच-पेंट, सप्त-हेप्ट, अष्ट-ऑक्ट हे साम्य मराठी कानाला सहज पटते. पाठांतरापेक्षा मला तेच अधिक भरवशाचे वाटते. वाचताना पदापदाला किंचित थांबावे, मात्र शेवटचा स्वर कधीही गिळू नये, कारण पेंटेन, पेंटीन आणि पेंटाइन या तीन वेगळ्या संयुगांमधील एकेरी, दुहेरी आणि तिहेरी बंधाचा भेद केवळ त्या एका स्वरावर उभा आहे.