किनाऱ्यावर कासव किंवा डॉल्फिन आलं तर धावणारी टीम कशी उभी करायची

जखमी कासव किंवा जिवंत डॉल्फिन वाळूवर आलं की पहिला अर्धा तास फार महत्त्वाचा, आणि त्या अर्ध्या तासात तिथे डॉक्टर नसतो, अधिकारी नसतो, असतात ते पहाटे होडी ओढणारे, जाळी शिवणारे, नाहीतर सकाळी फिरायला आलेले लोक. म्हणून टीम उभी करायची असेल तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, आधी बॅनर, मग टीशर्ट, मग भाषणं, आणि मच्छीमारांना सगळ्यात शेवटी बोलावतात, तेही हे करू नका ते करू नका सांगायला. मग वेळेला कोण फोन करणार तुम्हाला?

पहिली मीटिंग हॉलमध्ये घेऊ नका. जिथे जाळी शिवायला बसतात तिथे जाऊन बसा आणि आधी ऐका. कुठल्या महिन्यात जाळ्यात कासवं जास्त येतात, वारा कुठला असला की मेलेले प्राणी किनाऱ्याला लागतात, कुठल्या खडकांत तुटकी जाळी अडकून राहतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. वहीत लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासकट.

आणि पैशाचा विषय तिथेच काढा, टाळू नका. प्राणी सोडवायला जाळं कापायचं म्हणजे त्या माणसाच्या पोटावर पाय येतो, त्याला नुसतं पुण्य मिळेल म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सरकारी योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला भरपाई मिळते. तुमच्या भागात असं काही आहे का बघा, असेल तर अर्ज भरून द्यायचं काम टीमने अंगावर घ्या, नसेल तर जाळं शिवून द्यायला चार हात तरी द्या. गुजरातमध्ये व्हेल शार्कची शिकार व्हायची, २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, पण चित्र खरं पालटलं ते २००४ पासून किनाऱ्यावर जाऊन लोकांशी बोलल्यावर. रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, आणि तिथल्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. कायदा आणि भरपाई लागतेच हो, पण लोकांच्या मनातला शब्द सापडला की काम कुठच्या कुठे जातं.

आता कामं वाटून घ्या. एक जण फोन करणार (वनखातं, प्राण्यांचे डॉक्टर, होडीवाला, हे नंबर कागदावर लिहून होडीत चिकटवा, मोबाईल भिजतो), एक जण गर्दी आणि कुत्री लांब ठेवणार, दोघं-तिघं प्राण्यापाशी, बाकी पाणी आणणार. संरक्षित प्राण्याला हात लावायचा तर परवानगी लागते, म्हणून खात्याच्या लोकांना आधीच भेटून कोणी काय करायचं ते ठरवून ट्रेनिंग मागून घ्या. सामान साधंच आहे, सुती चादरी, बादल्या, फावडं, हातमोजे, ताडपत्री, बोथट टोकाची कात्री. हे सगळं ऑफिसात कुलुपात ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं, पहाटे कासव आलं आणि किल्लीवाला बाहेरगावी, शेवटी एका मावशींनी स्वतःची ओढणी भिजवून कासवावर टाकली.

डॉल्फिन असेल तर सगळ्यांना वाटतं की ढकलून पाण्यात सोडावं. तसं करू नका. बरेचदा ते आजारी असतं म्हणूनच आलेलं असतं आणि परत येतं, डॉक्टर सांगेपर्यंत थांबा. पाण्यात त्याचं वजन जाणवत नाही, वाळूवर मात्र स्वतःच्याच वजनाने छाती दबते आणि अंग तापतं. म्हणून पोटावरच राहू द्या, बाजूच्या वल्ह्यासारख्या पंखांखाली खड्डे खणून त्यात पाणी भरा, ओल्या चादरी टाका, सावली करा. डोक्यावरचं छिद्र म्हणजे त्याचं नाक, त्यात पाणी, वाळू, चादर काही जाता कामा नये. शेपटी धरून ओढू नका. आरडाओरडा, सेल्फी बंद.

कासव जाळ्यात बुडून निपचित पडलेलं असेल तर मेलं म्हणून लगेच टाकून देऊ नका, हे प्रत्येक खलाशाला माहीत हवं. पोटावर ठेवा, मागची बाजू साधारण १५ सेंटिमीटर उचलून खाली काहीतरी लावा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं, अंग ओलं आणि सावलीत ठेवा. उताणं करू नका, पोटावर दाबू नका, पाण्याच्या टबात ठेवू नका. कमीत कमी ४ तास आणि गरज पडली तर २४ तास वाट बघा, मधेमधे डोळ्याजवळ हलकं बोट लावून बघा. मला पहिल्यांदा जेव्हा पापणी किंचित मिटलेली दिसली तेव्हा आम्ही तिघेही बोलायचंच विसरलो होतो. नीट हालचाल करायला लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाळी पाण्यात नसताना, हळूच सोडा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका, आतडं कापलं जातं, तसंच डॉक्टरकडे न्या.

प्रत्येक वेळी तारीख, जागा, लांबी, जखम, फोटो नोंदवा, मेलेला प्राणी असला तरी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठे कुठलं जाळं नडतंय ते दिसायला लागतं आणि खात्याशी बोलताना हातात काहीतरी असतं.

पावसाळ्याआधी एकदा ओहोटीला सराव करा, वाळूने भरलेलं पोतं ताडपत्रीवर घेऊन उचला, मग कळेल किती माणसं लागतात. आणि ज्याने पहिला फोन केला त्याला त्याच संध्याकाळी फोन करून पुढे काय झालं ते सांगा, प्राणी वाचला नसेल तरी सांगा.