ब्लूबेरीची कूज: दिसते जुलैत, लागते मे महिन्यात

न्यू जर्सीत परसात ब्लूबेरी लावलेली मराठी घरं पुष्कळ. जुलै लागला की मला फोन येतात: "काका, तोडताना फळं टणक होती, दोन दिवसांत डब्यात पाणी सुटलं. काय फवारू?" आता काहीच नको. रोग फुलोऱ्यातच शिरलाय.

हा बहुतेक करपा. आंब्याच्या मोहोरावर येतो त्याच जातकुळीतली बुरशी. हिवाळाभर ती जुन्या काड्यांत आणि कळ्यांच्या खवल्यांत राहते. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर फुलांवर, हिरव्या फळांवर पोचते आणि फळ पिकेपर्यंत गप्प बसते.

खात्री करायची तर चांगली दिसणारी मूठभर फळं ओल्या पेपर टॉवेलवर सुटी सुटी मांडा, झाकण लावून फ्रिजबाहेर ठेवा. चार-पाच दिवसांत कळतं. नारिंगी चिकट ठिपके आले तर करपा. हिरवट-काळी मखमल अल्टरनेरियाची, राखाडी लव बोट्रायटिसची; या दोन्ही फळ कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरश्या.

फळ पिकण्याआधीच गुलाबी-बदामी होऊन सुकलं, गळलं, तर तो 'ममी बेरी' हा वेगळा बुरशीचा रोग. अशी फळं वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. मातीत राहिली की वसंतात त्यांच्यातून पेल्यासारख्या चिमुकल्या अळंब्या उगवतात, आणि त्यांचे बीजाणू कोवळ्या फुटव्यावर जातात. म्हणून कळ्या फुटण्याआधी झुडपाखाली लाकडाच्या चिपांचा दोन इंची नवा थर द्या.

बाकी कामं हिवाळ्यापासूनची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा वर्षांहून जुन्या फांद्या बुडापासून काढा, मधून वारा खेळला पाहिजे. स्प्रिंकलर बंद, पाणी बुडाशीच.

फवारायचंच असेल तर फुलोऱ्यात, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर. परसबागेसाठी, लेबलवर ब्लूबेरीचं नाव असलेलं कॅप्टान हे बुरशीनाशक पुरतं. मात्रा आणि तोडणीपूर्वी थांबायचे दिवस लेबलप्रमाणेच. कुणी ॲझॉक्सीस्ट्रोबिन हे दुसरं बुरशीनाशक सुचवलं आणि शेजाऱ्याकडे सफरचंद असेल, तर नको म्हणा. सफरचंदाच्या काही जाती त्याच्या नुसत्या उडालेल्या तुषारांनी भाजतात, आणि मग कुंपणावरची भांडणं कोण मिटवणार?

तोडणी दव सुकल्यावर आणि वरचेवर करा. शनिवार-रविवारची वाट पाहत पिकलेली फळं झुडपावर ठेवू नका, तीच शेजारच्या फळांना रोग लावतात. न धुता लगेच फ्रिजमध्ये, धुवा खाताना.

नवी झुडपं घेताना जात विचारा. नर्सरीवाले सरसकट 'ब्लूक्रॉप' देतात. फळ छान, पण करप्याला हळवी. 'इलियट' चांगली तग धरते. उशिरा पिकते आणि जरा आंबट लागते, एवढंच.