लाइटवाले नॅनोपार्टिकल आणि कॅन्सर व्हॅक्सिन: या फील्डमध्ये यायचा विचार करताय तर वाचा

खारघरला याच विषयात पीएचडी करतेय, त्यामुळे एमएससीवाल्यांचे मेसेज येतात, ताई केमिस्ट्री किती लागेल? लागते, पण गाडी अडते ती इम्युनॉलॉजीत.

आयडिया अशी की गोल्ड नॅनोरॉड (सोन्याच्या अतिसूक्ष्म कांड्या) किंवा आयसीजी डाय (इन्फ्रारेड शोषणारा रंग) ट्यूमरमध्ये सोडायचा, ८०८ नॅनोमीटरचा लेझर मारायचा, ट्यूमर तापतो, आणि सगळं नीट जमलं तर पेशी मरताना कॅलरेटिक्युलिन हे प्रोटीन बाहेर काढतात, एटीपी सोडतात, हे दोन्ही धोक्याचे सिग्नल, मग डेंड्रिटिक सेल (इम्यून सिस्टीमच्या पहारेकरी पेशी) येऊन ते तुकडे उचलून लिम्फ नोडमध्ये टी सेलला (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पेशींना) दाखवतात, म्हणजे ट्यूमरचीच लस झाली. दुसरा रस्ता म्हणजे अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा पदार्थ) बांधून ठेवायचं आणि हवं तिथेच लाइटने सोडायचं, पण त्याला बहुतेक वेळा यूव्ही लागतो आणि तो कातडीतच संपतो, म्हणून ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घेऊन जागच्या जागी यूव्ही देणारे अपकन्व्हर्जन पार्टिकल वापरतात. भारी आहे ना? पेपर वाचताना तर फारच भारी वाटतं.

आता खरी डोकेदुखी, एंडोटॉक्सिन. पार्टिकलला बॅक्टेरियाचा हा कचरा जरासा जरी चिकटला तरी डेंड्रिटिक सेल पेटून उठतात, फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून मोजणाऱ्या मशीनवर) सीडी८६, म्हणजे पेशी जागी झाल्याची खूण, मस्त वर दिसतं आणि सगळे खूश, लाइटने काहीच केलेलं नसतं!! ऑटोक्लेव्हने (वाफेच्या निर्जंतुकीकरणाने) हे जात नाही, काचेची भांडी २५० डिग्रीला अर्धा तास कोरडी तापवावी लागतात. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल टेस्ट करा, पण गोल्डचा रंग रीडिंगमध्ये घुसतो, म्हणून मुद्दाम एंडोटॉक्सिन टाकलेला स्पाइक कंट्रोल हवाच. आणि चार ग्रुप कायम: काहीच नाही, फक्त लाइट, फक्त पार्टिकल, दोन्ही. गाइड घाईत असले तरी यातला एकही गाळू नका.

बाकी ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळणं, लेझरचा गॉगल वगैरे आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

अ‍ॅडमिशनचं म्हणाल तर सेक्टर २२ मधलं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक बघाच, पीएचडीची डिग्री होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते, आणि ठाणेकरांना पनवेल लोकल थेट खारघरला सोडते. नेट-जेआरएफ असेल तर फेलोशिपचं टेन्शन कमी. इंटरव्ह्यूत हा विषय काढलात तर लाइट किती खोल जातो हे विचारणारच, तेव्हा सरळ सांगा, काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर, लिव्हरमधल्या गाठीसाठी आत फायबर घालावी लागेल.